चार किलोंचा ट्रॅक्टर

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याखालचा स्क्रू थोडासा फिरवावा, एवढंच हेडक्लार्कांनी ठरवलं होतं. डॉक्टरांनी प्रत्येक जेवण मोजून तीनशे ग्रॅम सांगितलं होतं आणि बायको ते खरोखरच मोजत होती. (डॉक्टरांचं ऐकणारी बायको मिळायला भाग्य लागतं, असं पोटभर जेवलेले लोक म्हणतात.) स्क्रू फिरवल्यापासून काट्याची सुई रिकामी असताना शून्यावरच टेकायची, पहिले दोनशे ग्रॅम मात्र तिच्या गावीही नसत.

"यांना हवासुद्धा अंगी लागते!" बायको तीन महिने सगळ्यांना सांगत होती. हेडक्लार्क खाली मान घालून जेवत होते.

त्याच तीन महिन्यांत त्यांनी, आधी सांगाडा लाल रंगवून, स्पर्धेसाठी बॅटरीवरचा छोटा ट्रॅक्टर बांधला. मातीच्या पट्ट्यावर वजन लादलेली घसरगाडी जो जास्तीत जास्त लांब ओढेल, त्याला कप. तीन वर्षं तो कप साडू नेत होता, आणि दर वेळी कप काखोटीला मारून चहाला येत होता. यंदा त्याला बिनकपाचा चहा पाजायचाच, या जिद्दीने हेडक्लार्कांनी मागच्या टायरांना कानस मारली, नाक उचलू नये म्हणून पुढे शिसं लावलं. नियम चार किलोंचा. घरच्या काट्यावर ट्रॅक्टर बरोबर चार किलो भरला.

"चार किलो दोनशे," स्पर्धेत परीक्षक म्हणाले. "बसत नाही."

"तुमचा काटा चुकतोय!" हेडक्लार्क गरजले. (ऑफिसात बावीस वर्षं दुसऱ्यांच्याच चुका काढल्या होत्या.)

बायको पदर खोचून पुढे आली. "साहेब, आमचा काटा कधी चुकत नाही. यांचं जेवण मी रोज त्यावरच मोजते."

हेडक्लार्कांना तेव्हा कुठे स्क्रू आठवला. "जाऊ दे गं. हरलो तर हरलो."

"का म्हणून? एवढं खपून बनवलाय तुम्ही! घर समोर तर आहे, आत्ता आणते."

इतक्या वर्षांत ती त्यांच्यासाठी अशी कधी भांडली नव्हती. हेडक्लार्कांना फार वाईट वाटलं.

बायकोने आणलेल्या काट्यावर परीक्षकांनी एक किलोचं माप ठेवलं. सुई आठशेवर थांबली. त्यांनी काटा उलटा केला. स्क्रूला लाल रंग लागला होता, ट्रॅक्टरचाच.

बायकोने स्क्रू पाहिला, ट्रॅक्टर पाहिला, मग नवऱ्याचं पोट पाहिलं.

"पाचशे ग्रॅम," ती हळूच म्हणाली. "दोन्ही वेळा."

परीक्षकांनी दहा मिनिटं दिली. हेडक्लार्कांनी पुढचं शिसं काढलं आणि ट्रॅक्टरने वीतभर जाऊन नाक आभाळाकडे केलं. कप साडूकडेच गेला.

ट्रॅक्टरचे दोनशे ग्रॅम दहा मिनिटांत उतरले. हेडक्लार्कांचे किलो उतरवायचं काम अजून चालू आहे, आणि त्यासाठी बायकोने काटा साडूकडून मागून आणला आहे.