सारिकाचा हुंगणारा पापुद्रा

टेबलावर नुसती हवा आणि आकडा चौतीस! सारिकाने कपाळावर हात मारला. स्वच्छ हवेत शून्यच यायला हवं. चार वाजता तिचे गाईड योगेंद्र सर तपासायला येणार होते. तेव्हा शून्य दिसलं नाही, तर सेन्सर कचऱ्यात आणि त्याच्यासोबत तिची पीएच.डी.ची तीन वर्षंही.

सेन्सर म्हणजे ग्राफीनचा, कार्बनच्या एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. ॲसिटोनची, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवाची, वाफ जराशी हुंगली की आकडा चढवायचा. मे महिन्याच्या सुट्टीत जळगावच्या त्या कॉलेजात सारिका, हा पापुद्रा आणि झाडणाऱ्या धुरपदाबाई एवढेच उरले होते. सारिका दिवसभर बोलायची ती बहुतेक पापुद्र्याशीच.

"मावशी, फिनाईलची बादली बाहेर ठेवा बरं!"

बादली गेली. छत्तीस.

"तुम्हीपण जरा बाहेर थांबा. तेलाचा वास येतोय."

"आते मन्हा तेलना बी वास का?" बाई फणकारून गेल्या.

सारिकाने खिडक्या उघडून पंचेचाळीस डिग्रीची झळ आत घेतली, नखांचं पॉलिश खरवडलं. दर वेळी ती आणखी वाकून बघे आणि आकडा आणखी चढे. शेवटी रडकुंडीला येऊन ती व्हरांड्यात गेली.

"संपलं सगळं, मावशी."

बाईंनी खिडकीतून डोकावलं. "येडी शे का तू पोरी? तठे तं शून्य शे!"

सारिका आत गेली. एकोणचाळीस. बाहेर आली. शून्य.

"काय खादं तू सकायपाईन?"

"चहा."

"अन् काल?"

"चहाच. मेस बंद आहे. एकटीसाठी कोण कुकर लावत बसणार?"

उपाशी माणसाच्या श्वासात ॲसिटोन वाढतं, हे तिनेच प्रबंधात लिहिलं होतं. घ्या! दोन दिवस पोरगी जेवली नाही हे रोज फोन करणाऱ्या आईला कळलं नाही, या मेल्या यंत्राला कळलं. तिला हसू आलं आणि रडूही.

चारला सर आले. सारिका लांब खिडकीशी उभी राहिली. शून्य! सर खूश होऊन जवळ वाकले. बारा. सत्तावीस. एक्केचाळीस.

"बिघडलंय हे."

बोलावं तर आगाऊपणा, गप्प राहावं तर तीन वर्षं पाण्यात.

"सर, सेन्सर बरोबर आहे. तुम्ही... जेवलात कधी?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"मिसेस धुळ्याला मुलीकडे गेलीय. परवापासून काही खाल्लं नाही. एकट्याला घास जात नाही गं."

मग त्यांनी वही ओढली, 'सेन्सर अचूक' असं लिहिलं आणि सही केली.

धुरपदाबाईंनी टेबलावर डबा उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचे तीन वाटे केले.

"बसा, बठ्ठा जन बसा. मी बी रोज एकलीच जेवस."