खुळखुळ्या रविवारचे एकोणचाळीस सेंट

महिन्याच्या पहिल्या रविवारी डेलमर ह्यूबनर कोटाच्या खिशांत जस्ताच्या दीडशे-दोनशे पेन्या भरून चर्चला जायचा आणि येताना तेवढ्याच तांब्याच्या घेऊन यायचा. एकास एक. देवाघरचा एक सेंट कमी होत नव्हता, त्यामुळे हे पाप आहे की काय, हा प्रश्न त्याला गेल्या चार वर्षांत पडलाच नव्हता.

पेनी म्हणजे अमेरिकेतलं एक सेंटचं नाणं. १९८२च्या आधीची तांब्याची, नंतरची जस्ताची. वर नुसता तांब्याचा मुलामा. दुकानात दोघींची किंमत एकच सेंट, पण जुनीतलं तांबंच मोडीच्या भावानं दोन सेंटांच्या वर जातं. पेन्या वितळवायला सरकारची बंदी आहे. ती आज ना उद्या उठेल, या भरवशावर डेलमरनं तळघरात सात बादल्या भरून ठेवल्या होत्या. चर्चमधल्या अदलाबदलीचा पत्ता नसलेली बायको आर्लीन म्हणायची, "बंदी उठायच्या आधी आपण दोघं उठू, डेलमर."

बँकेतून आणलेल्या पेन्यांत आता राम उरला नव्हता. खरा माल होता गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बरण्यांमध्ये, आणि त्या बरण्या रिकाम्या व्हायच्या महिन्याच्या पहिल्या, म्हणजे खुळखुळ्या रविवारी. त्या दिवशी पोरं पत्र्याच्या बादल्या घेऊन बाकांमधून फिरत आणि मोठी माणसं होईल तेवढा आवाज करून त्यांत चिल्लर ओतत. ती मोजायचं किचकट काम डेलमरनं आपण होऊन मागून घेतलं होतं. लोकांना त्याच्या भक्तीचं कौतुक वाटे. डेलमरला एकच धास्ती होती. हे गुपित घराबाहेर एकाला कळलं की सगळं ओहायो चिल्लर चाळायला बसेल!

यंदा खजिनदार म्हणून व्हर्ना केसलर निवडून आली. पोस्टात पार्सलं तोलण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. माणसांपेक्षा तिचा तराजूवर विश्वास अधिक. तिनं घरचा तराजू आणून चर्चच्या मागच्या खोलीत मांडला. बादली आली की आधी ती पेन्या तोलायची, मग डेलमर मोजून कागदी नळकांड्या भरायचा, आणि त्याची पाठ वळली की ती पुन्हा तोलायची. दोन महिने तिनं नुसते आकडे टिपून ठेवले. तिसऱ्या महिन्यात डेलमरनं कोट चढवला तशी ती दार अडवून उभी राहिली.

"एकोणचाळीस सेंट," व्हर्ना म्हणाली.

"काय एकोणचाळीस सेंट?"

"कमी आहेत. बादलीत होत्या तेव्हाचं वजन आणि आत्ताचं वजन, यात एकोणचाळीस पेन्यांचा फरक पडतोय. मागच्या महिन्यात बेचाळीस पडला होता."

"तुझा तराजू बिघडलाय, व्हर्ना."

"माझा तराजू एकतीस वर्षं बिघडला नाही. खिसे दाखव."

"चर्चमध्ये कुणी खिसे दाखवायला सांगतं का?"

"चर्चमध्ये कुणी खिसे भरतं का?"

आवाज चढला तशी बाजूच्या हॉलमध्ये कॉफी पीत उभी असलेली मंडळी कप घेऊन दाराशी गोळा झाली. कुणाच्या हातात केक, कुणाच्या हातात गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली. तमाशा फुकटचा होता, त्यामुळे कुणी हलेना. सगळ्यात पुढे आर्लीन होती आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. गर्दीतून वाट काढत पास्टर हॉफमन आले. पास्टर तरुण होते, भांडणं मिटवायची त्यांना फार हौस होती आणि हातखंडा अजिबात नव्हता.

"डेलमर, तुम्ही खिसे दाखवून टाका ना. म्हणजे विषयच संपेल."

डेलमरनं खिसे उलटे केले. टेबलावर पेन्यांचा असा काही धबधबा झाला की दाराशी एकीच्या हातून जेली निसटली. व्हर्नानं तिथल्या तिथे मोजल्या. एकशे साठ भरल्या.

"एकशे साठ!" व्हर्ना म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण कमी तर एकोणचाळीसच आहेत."

"बघ! मी चोर असतो तर हिशेब जुळला असता."

"म्हणजे अजून कुठेतरी काहीतरी लपवलंय!"

"माझे घरचे सुट्टे आहेत ते," डेलमर म्हणाला आणि म्हणताक्षणी पस्तावला. पास्टरांनी त्यातल्या पाच-सहा उचलून उजेडात धरल्या होत्या.

"१९६८... १९७४... १९५९... कमाल आहे, यातली एकही माझ्या जन्मानंतरची नाही."

आर्लीन पुढे झाली. तिचा आवाज हळू होता, पण हॉलच्या टोकापर्यंत पोचला. "डेलमर, आपल्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. आणि तू देवाच्या बादलीतून एकोणचाळीस सेंट चोरलेस? चोरायचंच होतं तर नीट तरी चोरायचं! उद्या वाणसामानाच्या दुकानात मी तोंड कसं दाखवू?"

हे मात्र डेलमरला लागलं. व्हर्नानं चोर म्हटलं ते त्यानं गिळलं असतं. पण आर्लीनच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. एकीकडे सात बादल्या आणि पुढच्या सगळ्या बादल्यांची आशा, दुसरीकडे ती. त्यानं एक मोठा उसासा टाकला आणि चार वर्षांचं गुपित सगळ्या गावासमोर तराजूत घातलं.

"व्हर्ना, या पारड्यात माझ्या दहा जुन्या टाक. त्या पारड्यात तुझ्या नळकांडीतल्या दहा नव्या."

जुन्यांचं पारडं टेबलाला टेकलं. व्हर्नानं आ वासला. डेलमरनं मग सगळं सांगितलं. तांबं, जस्त, एकास एक अदलाबदल. एकशे साठ जड पेन्या जाऊन एकशे साठ हलक्या आल्या, म्हणून वजनात एकोणचाळीसांची तूट. एक जुनी पेनी टेबलावर टाकून दाखवली, ती किणकिणली. नवी टाकली, ती बद्दकन पडली. मोडीचा भाव सांगताना मात्र त्याचा आवाज अगदी बारीक झाला. तरी तो सगळ्यांना ऐकू गेला. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनासुद्धा.

"म्हणजे चोरी नाहीच!" पास्टर आनंदून म्हणाले. व्हर्नानं सगळ्यांदेखत माफी मागितली. आर्लीननं डोळे पुसले आणि नवऱ्याला केकचा मोठा तुकडा कापून दिला. लोक मात्र त्या दिवशी कॉफी अर्धवट टाकून जरा घाईनंच घरी गेले.

पुढच्या पहिल्या रविवारी बादल्या पोरांना उचलेनात. ती त्या फरशीवरून ओढत आणत होती. डेलमर हरखला. मग त्यानं कान दिला. बाकाबाकांतून चिल्लर पडत होती, पण किणकिण कुठेच नव्हती. नुसतं बद्द, बद्द, बद्द. ओतणारे सगळे जण छताकडे बघत होते. बहिरे आजोबासुद्धा.

"आजचं दान आपल्या चर्चच्या इतिहासात सर्वांत मोठं आहे," पास्टरांनी व्यासपीठावरून जाहीर केलं. "लोकांना पेन्यांची गोडी लावली ती डेलमर यांनी! त्यांच्या प्रामाणिकपणाचा मान म्हणून मोजणीचं काम आपण त्यांना आजन्म बहाल करतो आहोत." टाळ्यांचा कडकडाट झाला. आर्लीननं तर उभं राहून वाजवल्या.

मागच्या खोलीत डेलमर एकटाच मोजत बसला. १९९४, २००६, १९८९, २०१५. चार हजारांच्या पुढे बोटं काळी पडली, पाठ आखडली. पाच हजार तीनशेला मात्र बोटाखाली काहीतरी जड लागलं. १९७१! त्याचा जीव सुपाएवढा झाला. इकडे तिकडे बघत त्यानं हात खिशाकडे नेला.

"ती माझी," दारातून आवाज आला. व्हर्ना आत आली आणि तिनं तळहात पुढे केला. "काल चाळताना नजरेतून सुटली. दे इकडे."

डेलमरनं पेनी तिच्या हातावर ठेवली. व्हर्नानं ती टेबलावर टाकून एकदा वाजवून घेतली, पर्समधून एक कोरी करकरीत जस्ताची पेनी काढून त्याच्या ढिगावर ठेवली आणि म्हणाली, "एकास एक. मोज पुढे."