गजभिये कुटुंबाच्या वायफायचा मंजूर नकाशा

बाळांनो, कल्पना करा, की घरातल्या प्रत्येक वस्तूला आपली पायरी कळते. असं घर सुखी असतं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये असं एक घर आहे.

तिथले हितेश गजभिये केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आहेत. घरात इंटरनेट आलं तेव्हा त्यांनी पट्टी लावून त्याचा सुबक नकाशा काढला. सगळ्यांत वर स्वतःचा लॅपटॉप, खाली रोशनीताईंचा म्हणजे पत्नीचा फोन, मग टीव्ही, मग सातवीतल्या श्रावस्तीचा टॅब. राउटर चपलांच्या कपाटावर बसतो, म्हणून तो तळाला. (त्याला वीज कुठून मिळते ते दाखवलेलं नाही. वीज हा वेगळा विभाग आहे.) नकाशावर तीन सह्या आहेत. तिन्ही हितेशरावांच्या.

इंटरनेट दर रविवारी साडेचारला जायचं. त्याबद्दल कंपनीकडे चौदा तक्रारी झाल्या होत्या.

एका रविवारी ते गेलं तेव्हा श्रावस्तीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून तयार होता, पाठवायचाच राहिला होता. मुदत पाचपर्यंत.

हितेशराव डगमगले नाहीत. नकाशा होता. तपासणी वरून सुरू झाली. लॅपटॉप, त्याच्या हुद्द्याला शोभेल असा, दोनदा बंद करून चालू केला. फोन एकदाच. टीव्हीची पाळी येईपर्यंत पावणेपाच झाले. आधी राउटर बघू या, असं श्रावस्तीने सुचवलं.

"थेट खालच्याला विचारायचं नसतं, बेटा."

"अच्छा. मग फॉर्म पुढच्या वर्षी भरू," ती म्हणाली, आणि कपाटाकडे गेली.

राउटरच्या दोन वायरी होत्या. एक खिडकीतून बाहेर जात होती. दुसरी हातात धरून ती चालत गेली, ती थेट स्वयंपाकघरात पोचली. तिथे चंद्रप्रभाआजी जवसाची चटणी वाटत होत्या. राउटरचा प्लग ओट्यावर पडला होता; त्याच्या जागी मिक्सर.

"आजी, हा तू काढलास?"

"दर रविवारी काढते. नकाशात ना मी, ना मिक्सर. मला वाटलं, आमचा काही संबंध नाही."

फॉर्म चार सत्तावन्नला गेला.

हसू नका, बाळांनो. आता आपापल्या घराचा नकाशा मनात काढा. सगळ्यांत वर तुमचाच फोन काढलात ना? (मीही तेच केलं.)

श्रावस्तीने बाबांचा नकाशा भिंतीवरून उतरवला, उलटा करून टांगला आणि राउटरच्याही वर एक प्लग काढला. प्लगच्या वर चष्मा लावलेली आजी काढली. मग सहीसाठी पेन आजीच्या हातात दिलं.