सामंतांचा उजवा गाल

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले दिगंबर सामंत अर्धीच दाढी करत. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर भात कापलेल्या शेतासारखे खुंट. नेरूळच्या आमच्या सोसायटीत नवीन आलेला माणूस बोलता बोलता हळूच पलीकडे सरकून, हे एकच गृहस्थ आहेत ना, याची खात्री करून घेई.

त्यांच्या चेहऱ्याची एक नस बिघडली होती. वर्षानुवर्षांचं दुखणं. उजव्या गालाला वारा लागला, पाणी लागलं, घास चावला, नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं, तरी कानापासून हनुवटीपर्यंत वीज चमकायची. सामंत बेलापूरच्या एका कचेरीत नकाशे काढत, त्यामुळे त्यांनी चेहऱ्याचेही सेक्टर पाडले होते.

“काय सामंत, आज सेक्टर चारमध्ये लोडशेडिंग?” मी विचारायचो.

“उलट. सप्लाय जास्त आहे,” ते डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून म्हणायचे. मे महिन्यातही मफलर. पंख्याकडे तर ते जुना वैरी दिसावा तसे बघत.

दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या दोन धडधाकट दाढा काढल्या. मला वैद्यकातलं काही कळत नाही, म्हणून मी ठामपणे ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायला सांगितलं. त्यांनी शेकलं आणि पुढे बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दुखण्यामुळे की माझ्यामुळे, ते मला अजून समजलेलं नाही.

शेवटी मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं. डोक्यात एक रक्तवाहिनी त्या नसेला टेकून धडधडत होती. कानामागे उघडायचं आणि दोघींच्या मधे एक मऊ तुकडा ठेवायचा.

“म्हणजे भांडखोर भाडेकरूंच्या मधे पार्टिशन,” सामंत म्हणाले. पण जिन्यात थांबून हळूच विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? करू?”

हे त्यांनी सगळ्यांना विचारलं. वॉचमनलासुद्धा. ‘करा’ म्हटलं की ते धोके सांगत, ‘नको’ म्हटलं की फायदे. माझा इतका गोंधळ उडाला, की एकदा आपलंच ऑपरेशन आहे असं वाटून मी ऑफिसात रजा किती शिल्लक आहे ते विचारून आलो.

अखेर तारीख ठरली. भरती व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, सामंत केस कापायला गेले. कानामागचे केस काढावे लागतील एवढंच डॉक्टर म्हणाले होते. सामंत परतले ते साफ चकोट होऊन. दोन्ही गाल गुळगुळीत. आणि मिशीही गायब.

डोकं आणि मिशी बरोबर गेली, तर आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. दिवाळे गावची कोळीण जनाबाय माशांची पाटी घेऊन जिना चढत होती. तिनं सामंतांना पाहिलं आणि त्यांच्या दाराशी न थांबता ती आमच्याकडे आली.

“अगं, सामंतांकडे नाही दिलेस बोंबील?” बायकोनं विचारलं.

“सुतकाचे घरान म्हावरा कसा देऊ, बाय? म्हातारी गेली ना त्यांची!”

सामंतांची म्हातारी आई मालवणजवळ गावी एकटीच राहायची. इथले फ्लॅट तिला कपाटासारखे वाटत. बातमी चटकन पटली. त्या घरात आज चूल पेटायची नाही, म्हणून बायकोनं पिठलं-भात रांधला. वरच्या कुलकर्णीबाईंनीही पिठलंच आणलं. मी पांढरा शर्ट घातला.

सामंतवहिनी इस्पितळात न्यायचं सामान आणायला बाजारात गेल्या होत्या. दार सामंतांनी उघडलं. वस्तरा फिरल्यामुळे गाल पेटलेला, डोळ्यांतून पाणी. काही सांगायला तोंड उघडलं आणि ते कळवळून हात हलवू लागले.

“बोलू नका, सामंत,” मी म्हणालो आणि त्यांना मिठी मारली. माझा खांदा नेमका उजव्या गालावर बसला. सामंतांनी अशी किंकाळी फोडली, की खालचा वॉचमन वर आला.

“मोकळे झाले बिचारे,” कुलकर्णीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पुढाकार घ्यायची खोड असल्यानं मीच उचलला.

“हॅलो, दिगू आसा? मी तेची आवस बोलतंय.”

गेलेल्या आईचाच फोन आला तर काय म्हणायचं असतं? “आपण… कुठून बोलताय?” मी विचारलं.

“वाण्याकडसून!”

सामंतांनी रिसीव्हर हिसकावला. ओठाच्या कोपऱ्यातून दोन शब्द काढणारा तो माणूस तोंड भरून बोलू लागला. “होय गो आये. बरो आसंय. जेवलंय. नाय गो, कायेक नाय, सर्दी झाली हा जरा.” दर शब्दाला त्यांचा डोळा घट्ट मिटत होता, नवा गुळगुळीत गाल भिजत होता, आणि आवाज मात्र तिळभर हलत नव्हता. ऑपरेशनचं त्यांनी आईला कळवलंच नव्हतं. फोन ठेवून ते भिंतीला टेकले.

मागे वहिनी उभ्या होत्या. “अहो, आई धडधाकट असताना मिशी काढलीत? डोकं ठिकाणावर आहे का?”

सामंतांनी टकलावरून हात फिरवला. मग डाव्या कोपऱ्यातून म्हणाले, “मी एकटाच आहे तिला. टेबलावरून उठलो नाही, तर तिच्या वेळेला डोकं कोण करणार? म्हणून करून ठेवलं.”

हे शास्त्रात बसतं का, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही. वहिनींनी पानं घेतली, आणि ते सगळं पिठलं आम्ही तिथंच बसून संपवलं.

ऑपरेशन उत्तम झालं. सामंत दोन्ही गालांनी बोलू लागले, पंख्याखाली ऐसपैस बसू लागले.

दोनेक वर्षांनी आई खरोखरच गेली. दिवस उरकून सामंत गावाहून परतले, ते पुन्हा चकोट होऊन. जिन्यात गाठ पडली. मी जे बोलू नये नेमकं तेच बोललो. “सामंत, तुमचं तर आधीच करून झालं होतं ना?”

हातातली पिशवी त्यांनी पायरीवर टेकवली.

“हो,” ते म्हणाले. “पण तेव्हा तिचा फोन आला होता.”