किसनआबांचा पंखा

"मास्तर, बहात्तर. सोमवारी सत्तर व्हता. कुनाकडं जेवलात?"

किसनआबांची आणि माझी सकाळ अशी सुरू होते. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीत मी शिक्षक आहे. भोरहून रस्त्यानं जायचं तर वळशातच तास जातो, म्हणून आबांचा तराफा. दोन बाजूंना दोन लांबलचक बंद लोखंडी नळकांडी, वर फळ्या, फळ्यांवर बाकडी, डोक्यावर पत्रा आणि मागं लटकवलेलं इंजिन. माणूस काठावर दिसला की आबा नुसतं बघून त्याचं वजन सांगतात. एकदा राग येऊन मी भोरात काट्यावर उभा राहिलो. बहात्तर किलो शंभर ग्रॅम भरलं. आबांना सांगितलं तर म्हणाले, "शंभर ग्राम चपलंचं."

वजनावरच ते बसायच्या जागा ठरवतात, तराफा एका अंगाला कलू नये म्हणून. "हौसाबाई उजवीकडं. समोर मास्तर आन बोकड." मी अधिक बोकड बरोबर हौसाबाई, हे गणित भर तराफ्यात ऐकल्यापासून हौसाबाई आबांशी बोलत नाहीत. बसतात मात्र सांगितल्या जागीच. बोकडाचं आणि माझं चांगलं जमतं.

वजनाचा हा खटाटोप पंख्यासाठीही. पंखा म्हणजे इंजिनाच्या खाली पाण्यात फिरतो तो, तीन पात्यांचा. पात्यांना पीळ जास्त असला की तराफा एका फेऱ्यात लांब ढकलला जातो, पण ओझं वाढलं की इंजिन धापा टाकतं. पीळ कमी असला की चाल हळू, पण भरलेला तराफा तक्रार न करता ओढला जातो. हे मला चार वर्षं रोज दोनदा ऐकवलं गेलंय, त्यामुळे झोपेतसुद्धा सांगेन. आबा माणसांनाही हेच माप लावतात. "सरपंचात पीळ लई. पळतंय लई, वडत काय न्हाई." मला त्यांनी कमी पिळात टाकलंय. "सावकाश जाता, पर वर्ग वडता." इतका चांगला शेरा मला साहेबांनीही कधी दिला नाही.

यंदा एप्रिलात तो पंखा मोडला. पाणी उतरलं की धरणात बुडालेल्या शेतांचे बांध वर येऊ लागतात. कुठल्या पाण्याखाली कुणाचं रान, हे आबांना बापाकडून तोंडपाठ, आणि त्यावरच ते तराफा हाकतात. त्या दिवशी खाडकन आवाज झाला. आबांनी इंजिन वर उचललं. एक पातं निम्मं गेलं होतं.

"हितं बांध नव्हता," ते पाण्याकडं बघत म्हणाले. "बांध चार हात पल्याड. चुलत आज्यानं सरकवलाय."

धरणाच्याही आधीचं हे अतिक्रमण त्यांना आत्ता कळलं होतं. वल्ह्यानं ढकलत आम्ही कसेबसे काठाला लागलो, आणि आबा तडक चुलतभावाच्या दारात जाऊन भांडून आले. भावकी पाण्याखाली गेली तरी सुटत नाही.

तराफा बंद म्हणजे शाळा, दूध, दवाखाना सगळंच अडलं. दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन मी भोरात बाळू मिस्त्रीकडं गेलो. त्याच्याकडं आमच्या इंजिनाला बसणारे दोनच पंखे होते, एक कमी पिळाचा, एक जास्त. त्यानं रीतसर विचारलं, "आबा, माणसं किती असतात?"

"चवदा."

"आबा, पाच," मी म्हणालो.

"चवदा."

चौदा असायची, हे खरं. पण वाडीतली तरणी घरं एकेक करून पुण्याकडं गेली. आता मी, हौसाबाई, दूध घालणारे दोघं आणि आबा.

मिस्त्री म्हणाला, "पाच असतील तर जादा पिळाचा घ्या. लवकर पोचाल, पेट्रोल वाचंल. चौदांचा पंखा पाचांना लावला तर इंजिन नुसतं बोंबलत फिरंल. कामातनं जाईल."

मलाही ते पटलं, आणि मी मास्तर असल्यामुळे ते तीनदा समजावून सांगितलं. आबा दोन्ही पंखे मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले.

"आन जत्रंला समदी आली तर? निम्मी काठावर ठिवू?"

"दोन खेपा करायच्या."

"आल्यालं मानूस काठावर ताटकळलं, की म्हनतं, पुढल्या साली कशाला यायचं?"

आबांनी मिस्त्रीला कागद घ्यायला लावला. "लिवा. तुका अडुसष्ट. त्येची बायकू पन्नास. म्हातारी चाळीस, पर बोचकं लई आनती, पंचेचाळीस करा." गेलेलं एकेक घर आबा वजनासकट सांगत होते. "आमचा विलास सत्तर. सून बावन्न. नात..."

तिथं ते अडले. चार वर्षांत आबा वजनाला अडलेले मी पाहिले नव्हते. तराफा विकून हडपसरला चला, असं विलास म्हणाला, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. नातीला बघून दोन वर्षं झाली होती.

"मास्तर, फोन लावा. पंख्याचं काम हाय म्हना."

मी विलासचा नंबर लावून दिला. फोन नातीनंच उचलला. आबा फोन तोंडापुढं हातभर लांब धरतात, त्यामुळे सगळं दुकानभर ऐकू येत होतं.

"म्या आजा. वजन किती गं तुजं?"

ती खूप वेळ हसली. "अठ्ठावीस. शाळेत मोजलं. कशाला हवंय आबा?"

"तराफ्यात तुजी जागा धरायचीया."

मग मागून विलासचा आवाज आला, "आबा? बरे आहात ना?" आबांनी फोन जवळ घेतला. "बरा हाय," ते म्हणाले. "तुजं सत्तरच धरलंय. खात जा." आणि फोन माझ्या हातात कोंबला.

मघाशी तीनदा समजावल्याची मला लाज वाटली. मिस्त्रीनं जास्त पिळाचा पंखा परत खिळ्याला अडकवला आणि बेरजेसाठी पेन्सिल उचलली. "नातीचे अठ्ठावीस ना?"

"आज अठ्ठावीस," आबा म्हणाले. "पर येईस्तवर वाढंल की. तीस धरा."