सुनेच्या गाडीला तेल

रविवारी सकाळी चहा झाल्यावर नीळकंठ खानझोड्यांनी पायजम्याचे पाय दुमडले, बादली भरली आणि सुनेची मोटरसायकल धुवायला घेतली.

ही कल्पना त्यांच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होती. खानझोडे मूळचे नागपूरचे. कारखान्यातल्या नोकरीसाठी भोपाळला आले, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, आणि निवृत्तीनंतर तिथेच जवळ छोटंसं घर बांधून राहिले. मुलाचं, चिन्मयचं, लग्न झालं आणि अमरावतीची मधुरा सून म्हणून घरात आली. तिच्यामागोमाग रेल्वेच्या पार्सलमधून तिची मोटरसायकल आली. लालभडक, शर्यतीच्या गाड्यांसारखी. पुढे वाकून बसायचं, मागची सीट टांगलेली, आणि सुरू केली की शेजारच्यांच्या खिडक्या थरथरायच्या. मधुरा रोज त्यावरून महाराणा प्रताप नगरातल्या ऑफिसला जायची.

सासूशी, कल्पनाबाईंशी, तिचं मेतकूट लगेच जमलं. दोघी स्वयंपाकघरात तासन्‌तास खिदळत असत. सासऱ्यांशी मात्र गाडी "बाबा, चहा?" आणि "ठेव" यापुढे सरकत नव्हती. नीळकंठरावांना याचं वाईट वाटे. पोरीला यंत्रांचं वेड, आपलं आख्खं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलं, आणि तरी दोघांना बोलायला विषय सापडू नये? विषय शोधणं त्यांना जमत नव्हतं. गाडी धुणं जमण्यासारखं होतं.

त्यांनी गाडी मन लावून धुतली. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसून तिला तेल दिलं. ते बरोबरच होतं. मग त्यांची नजर चाकांवर गेली. दोन्ही चाकांना आतल्या बाजूने भोकं पाडलेल्या चकचकीत चकत्या होत्या. नीळकंठरावांच्या जुन्या स्कूटरला असलं काही नव्हतं. तिचे ब्रेक चाकाच्या पोटात दडलेले. त्यामुळे या चकत्या शोभेच्या असाव्यात, असं त्यांनी ठरवलं. पण त्या कोरड्या ठणठणीत होत्या, आणि पाणी पडल्यामुळे कडेला तांबूस रेघ धरली होती. कोरडं लोखंड त्यांना बघवत नसे. ते आत गेले, बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आले आणि दोन्ही चकत्यांना प्रेमाने तेल चोळलं. जुन्या बनियनने पुसून तोंड दिसेल इतक्या चकचकीत केल्या.

तेवढ्यात मधुरा हेल्मेट हातात घेऊन घाईघाईने बाहेर आली आणि जागीच थांबली.

"अय्या! बाबा, गाडी तुम्ही धुतली?"

"असंच. वेळ होता."

"किती मस्त दिसतेय! थँक्यू, बाबा."

ती अशी काही हसली की नीळकंठरावांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी बादलीतलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं. मधुरा गाडीवर बसून गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

थोड्या वेळाने चिन्मय दात घासत व्हरांड्यात आला. "मधुरा गेली? आज तिचा मोठा दिवस आहे, बाबा. मोटरसायकल शिकणाऱ्या बायकांचा ग्रुप आहे ना, त्यांना टाऊनशिपच्या मैदानात ब्रेक मारायला शिकवणार आहे ती. पहिलाच क्लास."

"ब्रेक मारण्यात शिकवायचं काय? पायाने दाबला की झालं."

"तेच तर सगळे करतात, यार बाबा. म्हणून पडतात."

"बरं बरं. गाडी मात्र आज चकाचक करून दिली हो मी तिला," नीळकंठराव म्हणाले. "चाकांच्या त्या चकत्या किती कोरड्या पडल्या होत्या! त्यांनाही तेल दिलं."

चिन्मयचा ब्रश तोंडातच थांबला. "चकत्या? भोकं असलेल्या? डिस्कला तेल लावलं तुम्ही?"

"का? काय झालं?"

"बाबा, तेच ब्रेक आहेत! पॅड त्या डिस्कला घासतात, म्हणून गाडी थांबते!"

घासतात म्हणून थांबते! पुढचं त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. काही घासू नये म्हणून ज्यांनी जन्मभर तेल ओतलं, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

चिन्मयने मधुराला फोन लावला. तो फ्रिजवर वाजला. मग चिन्मय तोंडात फेस घेऊन कारची किल्ली शोधू लागला. नीळकंठराव तोवर स्कूटरला किका मारत होते. तो आवाज ऐकून कल्पनाबाई ओल्या केसांना पंचा गुंडाळलेल्या तशाच बाहेर आल्या.

"काय झालं जी?"

"मधुराच्या ब्रेकला तेल लावलं मी."

"काऊन?"

"प्रेमानं!" नीळकंठराव ओरडले.

यावर जास्त काही विचारण्यासारखं नव्हतं. कल्पनाबाई मागे बसल्या. एरवी नवऱ्याने जरा वेग वाढवला की त्या पाठीत चिमटा काढत. आज त्याच म्हणाल्या, "पळवा!"

चौकात नीळकंठरावांनी पानवाल्याला विचारलं, "लाल मोटरसायकल गई क्या इधर से?"

"गई न, अंकल. अभी-अभी. उड़ रही थी एकदम."

उडत होती म्हणजे थांबत नव्हती! त्यांनी पानवाल्याने दाखवलेल्या रस्त्याला स्कूटर घातली, आणि खरंच, पुढे लांब एक लाल गाडी दिसली. वाकलेली पाठ, काळं जॅकेट, काळं हेल्मेट. सिग्नलला ती गाडी थांबली. कशी थांबली, हा प्रश्न त्या घाईत कुणालाच सुचला नाही. नीळकंठरावांनी स्कूटर शेजारी नेली आणि कल्पनाबाईंनी जॅकेटची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"उतर! आधी खाली उतर, बाळा! गाडी गेली खड्ड्यात!"

हेल्मेटची काच वर झाली. आत भरघोस मिशा होत्या.

"माताजी?" मिशा घाबरून म्हणाल्या.

कल्पनाबाईंनी बाही सोडली, नीट सारखीही करून दिली. "माफ करना भैया, हमको लगा हमारी बहू है."

सिग्नल हिरवा झाला तरी तो बिचारा बराच वेळ हलला नाही. नीळकंठरावांनी मात्र स्कूटर वळवली. मैदान उलट्या दिशेला होतं. मुळात ते घरापासून चालत जाण्याइतकंच लांब होतं, पण हे आता आठवून उपयोग नव्हता. वाटेत ते म्हणाले, "तिच्या आईवडिलांना काय तोंड दाखवू, कल्पना?" कल्पनाबाईंनी नेहमी चिमटा काढायच्या जागी पाठीवर हात ठेवला.

मैदानाच्या फाटकात आडवा लोखंडी बार होता आणि कडेला एकच स्कूटर जाईल इतकी फट. कल्पनाबाई उतरल्या. नीळकंठराव फटीतून आत घुसले आणि त्यांना समोर दिसलं ते असं: दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्या मांडून केलेला रस्ता, त्याच्या शेवटी चुन्याची रेघ, रेघेपलीकडे हेल्मेट घातलेल्या बायकांचा घोळका आणि मधोमध एका मोटरसायकलवर बसलेली मधुरा. गाडीचा रंगबिंग बघायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी मूठ पिळली.

"मधुरा! ब्रेक मारू नकोस! लागणार नाही! मधुराऽ!"

बायकांनी वळून पाहिलं. हेल्मेटखाली फडफडणारा पायजमा घातलेले एक गृहस्थ बाटल्यांच्या रस्त्यावरून त्यांच्याकडेच येत होते. रेघ जवळ आली तेव्हा नीळकंठरावांच्या लक्षात आलं की थांबायचं आता त्यांनाच आहे. त्यांनी पायातला ब्रेक सगळं वजन टाकून दाबला. मागचं चाक जाम झालं आणि मुरमावरून आडवं घसरू लागलं. घाबरून त्यांनी हातातला ब्रेकही करकचून आवळला. पुढचं चाक वळलं, स्कूटर सावकाश गवतावर निजली, आणि नीळकंठराव बाटल्या उडवत दोन पावलांवर बसते झाले.

मधुरा हातातली गाडी सोडून धावत आली.

"बाबा! लागलं का?"

"तू ठीक आहेस ना?"

दोघांनी एकदमच विचारलं. मधुराने त्यांचे गुडघे, कोपर, मनगटं एकेक करून हलवून पाहिली. पायजमा फाटला होता, तळहात खरचटला होता, बाकी सगळं शाबूत होतं.

"मी तुझ्या ब्रेकला..." ते सांगू लागले.

"बाबा, असू द्या." तिने हळूच त्यांचा हात दाबला.

तेव्हा कुठे त्यांना दिसलं की ती ज्या गाडीवरून उतरली ती निळी होती, कुणा पिंकीची. लाल गाडी बाजूला झाडाखाली स्टँडवर होती, आणि तिच्या चाकातले ब्रेकचे पॅड काढून कागदावर मांडलेले होते.

"निघाल्यावर मी गल्लीतच दोन्ही ब्रेक दाबून बघते," मधुरा हलक्या आवाजात म्हणाली. "रोजची सवय आहे. आज दाबले तर गाडी लोण्यावरून जातेय असं वाटलं. मग ढकलतच आणली इथवर."

"मग परत का नाही आलीस घरी?"

मधुरा उत्तर द्यायच्या आत सुमित्राजी नावाच्या एक शिक्षिका पुढे आल्या. "दीदी ने बताया न हमें, डिस्क पर तेल की एक बूँद भी नहीं जानी चाहिए. कह रही थीं, खुद उन्हीं के हाथ से चेन का स्प्रे उड़ गया."

नीळकंठरावांनी सुनेकडे पाहिलं. सून बाटल्या उचलत होती.

परत का आली नाही, ते त्यांना समजलं. घरी आली असती तर त्यांची चूक उघडी पडली असती. ते उठले, पायजमा झटकला आणि बायकांसमोर ताठ उभे राहून म्हणाले, "स्प्रे-व्रे कुछ नहीं. तेल मैंने लगाया. सिलाई मशीन का. मुझे लगा, बहू की गाड़ी है, चमकनी चाहिए."

पिंकी म्हणाली, "हाय, अंकल कितने क्यूट हैं!" आणि सगळ्या एकदम हसल्या. मधुरा सगळ्यांत जास्त हसली, डोळे पुसत पुसत. कल्पनाबाई धापा टाकत पोचल्या त्याच वेळी, आणि आपला नवरा बायकांच्या घोळक्याला हसवतो आहे हे पाहून डोक्यावरचा पंचा सोडून वारा घेऊ लागल्या.

"दीदी," सुमित्राजींनी विचारलं, "अंकल ने अभी जो किया, ये वही वाली गलती थी न, जो आप समझा रही थीं?"

मधुराने सासऱ्यांकडे परवानगीसाठी पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"हाँ. बिल्कुल वही," ती म्हणाली, आणि क्लास पुढे सुरू झाला. थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरं काम पुढचाच ब्रेक करतो. लोक त्याला भितात कारण ते तो हिसक्याने आवळतात. दोन्ही ब्रेक एकत्र, पण हळूहळू वाढवत. गाडी सरळ हवी, नजर लांब. "बिट्टन मार्केट में चीकू दबाकर देखते हैं न? बस, वैसे शुरू करना है. पहले हल्के से, फिर थोड़ा और."

नीळकंठराव झाडाखाली बसून ऐकत होते आणि बोटं आपोआप हवेत चिकू दाबत होती. क्लास संपत आला तेव्हा चिन्मय कार घेऊन पोचला. ओठांवर वाळलेला फेस होता. "सापडली किल्ली!" तो म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

तेल प्यायलेले पॅड टाकून द्यावे लागले. संध्याकाळी मधुरा नवीन पॅड बसवायला बसली तेव्हा नीळकंठराव शेजारी पाट घेऊन बसले. तिने पाना मागायच्या आत ते पाना पुढे करत होते. तिने डिस्क साफ करायचा स्प्रे दाखवला, चेन किती सैल असावी ते दाखवलं. त्यांनी बोल्ट कसायची कारखान्यातली पद्धत सांगितली. चहा दोनदा गार झाला. स्वयंपाकघरातून कल्पनाबाईंनी दोनदा हाक मारली आणि मग नाद सोडला.

दरम्यान क्लासच्या बायकांचा निरोप आला होता: पुढच्या रविवारी अंकल हवेतच. चुकीचा ब्रेक कसा लागतो हे इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणालाच दाखवता आलं नव्हतं.

"सावकाश, गवतावर, बेतानं दाखवायचं, बाबा," मधुरा म्हणाली. "चालेल ना?"

चालेल ना! नीळकंठरावांना निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी कामावर बोलावलं होतं. आधी बरोबर काय ते पक्कं यायला हवं, म्हणजे चूक नेमकी करता येईल, असा त्यांनी विचार केला. आठवडाभर रोज सकाळी ते गल्लीत स्कूटर काढून सराव करत राहिले.

पुढच्या रविवारी मैदानात गर्दी वाढलेली होती. नीळकंठरावांनी इस्त्रीची पँट घातली होती. मधुराने सगळ्यांना सांगितलं, "अब बाबा दिखाएँगे कि ब्रेक कैसे नहीं लगाना है."

नीळकंठराव निघाले. रेघ जवळ आली. बोटांनी चिकू दाबला, पायाने साथ दिली, आणि स्कूटर एखाद्या पाळण्यासारखी मऊपणे रेघेवर येऊन थांबली.

नीळकंठराव ओशाळले. "सॉरी, चुकून बरोबर झालं. परत करतो."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी दात-ओठ खाऊन आवळायचा प्रयत्न केला, पण बोटं आता ऐकेचनात. मधुरा कपाळाला हात लावून हसत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान लपत नव्हता.

तेव्हा झाडाखालून कल्पनाबाई उठल्या. पदर खोचत त्या स्कूटरपाशी आल्या.

"सरका तुम्ही. मला यातलं काहीच येत नाही, मी दाखवते."

"अगं, तू कधी चालवली आहेस का?"

"म्हणून तर!" कल्पनाबाई म्हणाल्या आणि पुढे बसल्या.

मधुराने त्यांना हेल्मेट चढवलं, पट्टा लावला, आणि सासऱ्यांकडे पाहिलं. नीळकंठरावांनी एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा बायकोच्या पाठीकडे. मग ते निमूटपणे मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी तिचा खांदा घट्ट धरला.