प्रौढांसाठी अनुपमा

केंदूरजवळच्या आमच्या वाडीत गेल्या वर्षी एका चित्रपटाचं शूटिंग झालं. नववीतल्या मुलीची शाळा सोडवून तिचं लग्न लावून देतात, अशी कथा होती. मुलीचं काम माझ्याच वर्गातल्या विद्यार्थिनीने, अनुपमाने केलं. कोवळ्या मनांवर विपरीत परिणाम होऊ नये, म्हणून चित्रपटाला ‘फक्त प्रौढांसाठी’ असं प्रमाणपत्र मिळालं.

पहिल्या खेळाला सगळी वाडी शिरूरला लोटली. दारावर तिकिटं फाडणाऱ्या मच्छिंद्रने अनुपमाला अडवलं.

“वय?”

“पंधरा. पण मामा, पिक्चरमधी मीच हाय!”

“मंग आतच हायेस की. आन् दोनदा कशाला जातीस?”

वर्गशिक्षक या नात्याने माझी साक्ष काढण्यात आली. मी जन्मतारीख तोंडपाठ सांगितली. अनुपमा बाहेर राहिली. तिच्या आईच्या कडेवरचं दोन वर्षांचं बाळ मात्र आत गेलं. त्याला अजून मन फुटलेलं नाही, असा मच्छिंद्रचा निर्वाळा होता.

आता अडचण अशी की मध्यंतरात नायिकेचा सत्कार ठरलेला. मॅनेजरांनी तोडगा काढला. मध्यंतरात जाहिराती असतात आणि त्या सर्व वयांना चालतात. अनुपमाला आत आणलं, शाल पांघरली. ‘माध्यमे आणि बालमन’ या विषयावर मी चार शब्द बोललो. पानमसाल्याची जाहिरात संपताच तिला पुन्हा बाहेर नेण्यात आलं.

पुढे हळदीच्या प्रसंगात ती किंचाळते. ती किंकाळी तिने बाहेर पायरीवर बसून ऐकली. आत आम्ही रडलो. तिचे चुलते ईश्वरआप्पा तर हुंदके देत होते.

खेळ सुटल्यावर बायांनी तिला पोटाशी धरलं. तेवढ्यात आप्पांनी पाटसच्या दोन पाहुण्यांना पुढे केलं.

“ह्यांनी आख्खा पिक्चर बघितला. हळदीत पोरगी लई शोभती म्हणत्यात. पोरगं कुरकुंभला कंपनीत हाय, पर्मनंट.”

अनुपमाने आईकडे बघितलं. आई बाळाचं टोपडं सारखं करत होती. मग अनुपमा माझ्याकडे वळली.

“सर, सांगा की ह्यांना. मला अठरा पुरी न्हाईत.”

“अगं येडे, ते पिक्चरला!” आप्पा म्हणाले.

सगळे मनमोकळं हसले. मीही हसलो, इतकं रडल्यावर जरा हलकं वाटलं. पाहुणे चहाला वाडीतच येणार होते. त्यांच्या गाडीत एक जागा रिकामी होती. मी बसलो.